प्रतिकारशक्ती वाढव म्हणे! (आमवात, पांढऱ्या पेशी आणि छातीचा एक्सरे)

निर्गुडी | रविवार, रात्री ९.४०

मागच्या आठवड्यात भाच्याची मुंज होती. पंगतीत वाढायला गेले तर मामींनी माझ्या हातातलं जिलबीचं ताट काढूनच घेतलं. "अगं, बोटं बघ कशी झालीत! प्रतिकारशक्ती कमी पडतेय तुझी. गुळवेल घे, रोज सकाळी." शेजारच्या दोघींनी माना डोलावल्या. मी हो म्हटलं. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आरए) होऊन सहा वर्षं झाली की माणूस एवढं तरी शिकतो.

पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना, कारण प्रकार नेमका उलटा आहे. प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून बोटं सुजलेली नाहीत, ती बोटांत मुक्कामाला आलीय म्हणून सुजलीत. 'जास्त झालीय' म्हणावं तर तेही खोटं, सर्दीपडसं मला घरातल्या सगळ्यांच्या आधी होतं.

दुसरं निमित्त दवाखान्याचं. मेथोट्रेक्सेट आणि एचसीक्यूएस (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) या माझ्या गोळ्या, पण त्यांनी आता पुरेनासं झालंय. डॉक्टर म्हणाले, अडालिमुमॅब सुरू करू, पंधरा दिवसांतून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचायचं. पण आधी छातीचा एक्सरे, मांटू (हाताच्या कातडीत टोचून करतात ती टीबीची चाचणी) आणि रक्तातून टीबीची तपासणी. मी म्हटलं, डॉक्टर, दुखतात बोटं आणि फोटो छातीचा? ते म्हणाले, "अहो, सांधा कुरतडणारी आणि टीबी अडवणारी पेशी एकच आहे." तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला. ते वाक्य घेऊन मी बसस्टॉपवर आले आणि तेव्हापासून वाचतेय. जे समजलं ते लिहिते, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

सांध्याला आतून एक अस्तर असतं, सायनोव्हियम. धडधाकट माणसात त्याचा वरचा पापुद्रा एका-दोन पेशींच्या जाडीचा. त्यात मुख्यतः दोन जातींच्या पेशी: एक मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक, पडेल तो कचरा गिळणाऱ्या, दुसऱ्या फायब्रोब्लास्ट, सांध्याचं वंगण बनवणाऱ्या. आमवातात हेच अस्तर दहा-दहा थरांचं होतं, त्याला नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि ते कूर्चेवर चढत जातं. त्याला पॅनस म्हणतात, लॅटिनमध्ये कापड. मला मात्र पावसाळ्यात न वाळलेली गोधडी आठवली. पहाटे पाचला मूठ वळत नाही तेव्हा आत नेमकं तेच भरल्यासारखं वाटतं.

त्या गोधडीत बाहेरून येऊन राहिलेले पुष्कळ. टी पेशी, बी पेशी (दोन्ही पांढऱ्या पेशींच्याच जाती), रक्तातून आलेले नवे मॅक्रोफेज. त्यांना बोलावलं कुणी? आपल्या प्रथिनांत आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. सूज आली, किंवा सिगारेटचा धूर फुफ्फुसात गेला, की काही ठिकाणी त्याचं सिट्रुलिन होतं. किरकोळ बदल, सगळ्यांच्यात होणारा. पण काही लोकांच्या पेशींवर एचएलए नावाच्या तबकाची अशी एक घडण असते की ही बदललेली प्रथिनं त्यात चपखल बसतात. ते तबक टी पेशीपुढे धरलं जातं आणि तिला वाटतं, हा कोण परका? ती बी पेशीला चिथावते, बी पेशी प्रतिपिंडं बनवते. आपल्या रिपोर्टात अँटी-सीसीपी म्हणून जो आकडा येतो तो यांचाच. आणि मला सगळ्यात हादरवणारी गोष्ट ही, की ही प्रतिपिंडं दुखणं सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधीच रक्तात सापडू शकतात. म्हणजे मी हरिश्चंद्रगडावर धावत चढत होते तेव्हाही खटल्याची कागदपत्रं तयार असतील.

पुढचा दंगा मॅक्रोफेजचा. ते टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असे निरोप सोडतात. त्याने नव्या पेशी येतात, फायब्रोब्लास्ट वंगणाचं काम सोडून कूर्चा विरघळवणारे विकर ओकायला लागतात. आणि मॅक्रोफेजच्याच कुळातल्या काही पेशी एकत्र येऊन हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट बनतात. एक्सरेत बोटांच्या मुळाशी हाडाला उंदराने कुरतडल्यासारखी खाच दिसते ती त्यांची.

माझे दोन प्रश्न. या सगळ्यात म्होरक्या कोण? आणि तो छातीचा एक्सरे?

---

मनीमोहर२ | रविवार, रात्री १०.०५

सुरेख लिहिलंयस. वाचनखूण साठवली. ताट काढून घेणाऱ्या मामी प्रत्येक घरात एक असतेच.

---

थेंबथेंब | रविवार, रात्री ११.१८

लॅबमध्ये वीस वर्षं काढलीत, त्यामुळे पेशी कुठल्या हे वाचण्याआधी मी त्या बघितल्यात. तुम्ही अस्तराबद्दल लिहिलंत, मी सांध्यातल्या पाण्याबद्दल लिहितो.

निरोगी गुडघ्यात वंगण असतं ते चमचाभरही नसेल. फिकट पिवळं, काचेसारखं स्वच्छ. सुईच्या टोकावरून थेंब सोडला की तो पडत नाही, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरून लोंबतो. आमवाताच्या सुजलेल्या गुडघ्यातून डॉक्टर पन्नास-साठ मिली सहज काढतात आणि आमच्याकडे येते ती नळी गढूळ असते. मागे छापील कागद धरा, अक्षरं वाचता येत नाहीत. थेंब सोडला तर पाण्यासारखा टपकन पडतो, तार नाहीच. वंगणाची वाट लागलेली असते.

मग मोजणी. निरोगी पाण्यात मायक्रोलिटरला २०० च्या आत पांढऱ्या पेशी. आमवातात २,००० पासून ५०,००० पर्यंत. त्याच्याही वर गेलं की आम्ही डॉक्टरांना फोन करतो, कारण मग सांध्यात जंतू असण्याची शंका. (प्रत्यक्षात सीमा इतकी आखीव नसते, म्हणून कल्चर लावतोच.) काच रंगवून बघितली तर बहुतेक सगळे न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचीच आणखी एक जात. म्हणजे गंमत बघा, अस्तराच्या तुकड्यात टी, बी आणि मॅक्रोफेज, आणि दोन मिलिमीटर अलीकडे पाण्यात न्यूट्रोफिलचा बाजार. माजघरातली माणसं वेगळी, अंगणातली वेगळी.

न्यूट्रोफिलचं आयुष्य फार तर दिवस-दोन दिवसांचं. पण मरताना काही न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए कोळ्याच्या जाळ्यासारखा बाहेर फेकतात, जंतू पकडायला. हे २००४ साली बर्लिनच्या लोकांनी दाखवलं. सांध्यात जंतू नसतातच, मग जाळं कशासाठी? पण त्या जाळ्यातून सिट्रुलिनवाली प्रथिनं मात्र ढिगाने बाहेर पडतात. म्हणजे ज्या मालावरून भांडण, तोच माल हे रोज दारात आणून ओततात.

रिपोर्टबद्दल एक. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात झाला असं नाही. टीबीत येतो, हिपॅटायटिस सीमध्ये येतो, कुष्ठरोगात येतो, ठणठणीत आजोबांचाही येतो. अँटी-सीसीपी त्या मानाने पक्की. नुसत्या आरएच्या आकड्यावर रडत आलेली माणसं आमच्या काउंटरवर आठवड्याला दिसतात.

---

भिगवणकर | सोमवार, सकाळी ७.३२

धाग्याचं नाव बघून थांबलो. आमच्या भिगवणात १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने घरोघरी फिरून सांधेदुखीचा सर्व्हे केला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड योजनेतला. मी तेव्हा शाळेत. आजीला विचारलं "कुठं कुठं दुखतंय?" तर आजी म्हणाली "कुठं नाही ते लिवा." दुखणी उदंड निघाली, पण खरा आमवात अर्ध्या टक्क्याच्या आसपासच. बाकी झीज, कंबर, कामाचा मार. म्हणून प्रत्येक गुडघेदुखी म्हणजे हा आजार नव्हे, हे या धाग्यावर आधीच लिहून ठेवलेलं बरं.

---

त्रिकटू | सोमवार, सकाळी ९.५०

लेख चांगला, पण गुळवेलीला उगाच झोडपलंय. 'आमवात' हा शब्दच मुळात माधवनिदानातला, हजाराहून जास्त वर्षांपूर्वीच्या ग्रंथातला. त्यात हातापायाचे सांधे, जडपणा, अग्निमांद्य सगळं आलंय. गुडूची त्यावर परंपरेने वापरतात. पाश्चात्त्य वाचून आपल्याला नावं ठेवायची खोड कधी जाणार?

---

निर्गुडी | सोमवार, सकाळी १०.२०

@त्रिकटू, माझा आयडी बघा! निर्गुडीचा शेक मी आजही घेते आणि बरं वाटतं. माधवनिदानाबद्दल आदरच आहे, झीजेचा संधिवात वेगळा आणि हा वेगळा हे त्यांनी वेगळं काढलं ही लहान गोष्ट नाही.

माझा राग 'वाढव' या क्रियापदावर आहे. ज्याच्या पेशी आधीच स्वतःच्या घरात दंगल करताहेत त्याने काय वाढवायचं? २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांची माहिती छापली होती, यकृताला सूज आलेली, स्वप्रतिकाराच्या धाटणीची. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही हेही खरं. पण माझं यकृत मेथोट्रेक्सेटमुळे दर दोन-तीन महिन्यांनी तपासावं लागतं, मी तो जुगार कशाला खेळू?

---

त्रिकटू | सोमवार, सकाळी १०.४१

वैद्याच्या देखरेखीखाली घेणं आणि व्हॉट्सॅपवर वाचून घेणं यात फरक आहे, एवढंच माझं म्हणणं. यकृताचा मुद्दा मान्य.

---

डबलचहा | सोमवार, दुपारी १.१५

देखरेखीवरून आठवलं. आमच्या मावशींना एका गावी 'पुडी' मिळायची, आठवड्यात सूज गायब. वर्षभराने चेहरा चंद्रासारखा गोल, साखर वाढलेली, मणका दबलेला. पुडीत स्टिरॉइड कुटून घातलेलं. कुठलं गाव ते लिहीत नाही, प्रत्येक जिल्ह्यात एक आहे.

---

थेंबथेंब | सोमवार, दुपारी १.४०

स्टिरॉइडची कथाही मजेदार आहे. मेयो क्लिनिकचे डॉ. हेंच यांच्या लक्षात आलं होतं की आमवाताच्या रुग्णाला कावीळ झाली किंवा बाई गरोदर राहिली की दुखणं हटतं. शरीरच काहीतरी बनवतंय म्हणून ते वर्षानुवर्षं मागे लागले आणि १९४८ मध्ये एका २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिसोन दिलं. खिळलेली बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये नोबेल. कावीळ-गरोदरपणाचं नेमकं कारण कॉर्टिसोन नव्हतंच बहुधा, पण चुकीच्या पायवाटेने माणूस बरोबर गावी पोचला. दुष्परिणाम नंतर कळले. स्टिरॉइड एका पेशीला धरत नाही, सगळ्यांच्याच तोंडाला कुलूप लावतं, म्हणून एवढं लवकर बरं वाटतं आणि म्हणूनच एवढं महाग पडतं.

---

सातासमुद्रा | सोमवार, रात्री ११.०२ (इथे संध्याकाळ)

लीड्सला राहतो, काम टी पेशींवरच आहे, त्यामुळे 'म्होरक्या कोण' हा प्रश्न बघून झोप उडाली. आमच्या क्षेत्रात याच प्रश्नावर माणसं तीस वर्षं भांडलीत. मला विचाराल तर याचं उत्तर प्रयोगशाळेपेक्षा औषधांनी जास्त दिलं. एकेक पेशी किंवा एकेक निरोप अडवायचा आणि रोगी बरा होतो का बघायचं. साक्षीदार उभे करण्यासारखंच आहे हे.

पहिला साक्षीदार टी पेशी. १९९० च्या आसपास सगळ्यांचा संशय तिच्यावर. एचएलएचा दुवा सापडलेला, अस्तरात ती भरपूर. मग सीडी४ ही खूण असलेल्या टी पेशींना मारणारी प्रतिपिंडं रुग्णांना दिली. रक्तातल्या टी पेशी खाली आल्या, सांधे होते तसेच. मोठा मुखभंग.

दुसरा टीएनएफ. लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी (मैनींचा जन्म लुधियानाचा) यांच्या गटाने रुग्णांच्या अस्तराच्या पेशी बशीत वाढवल्या. त्या बशीत टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि बाकी दहा निरोप एकदम वाहत होते. लोक म्हणायचे, एक बंद करून काय होणार, बाकीचे आहेतच. १९८९ मध्ये यांनी फक्त टीएनएफ अडवला तर इंटरल्युकिन-१ सुद्धा आटला. म्हणजे निरोप रांगेत होते आणि टीएनएफ रांगेच्या पुढे. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात पहिल्या २० रुग्णांना टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब दिलं. इतर औषधांना न जुमानलेले रुग्ण, काहींची सूज काही दिवसांत उतरली. पण औषध संपलं की आजार परत, म्हणजे मूळ उपटलं गेलं नव्हतं. २००३ मध्ये दोघांना लास्कर हा वैद्यकातला मोठा पुरस्कार मिळाला. निर्गुडीताई, तुमचं अडालिमुमॅब याच घराण्यातलं. अमेरिकेत २००२ अखेर आलं, भारतात झायडसने त्याची पहिली हुबेहूब आवृत्ती २०१४ मध्ये काढली.

तिसरी बी पेशी. लोक म्हणायचे प्रतिपिंडं हा नुसता धूर आहे, आग दुसरीकडे. लंडनचेच जोनाथन एडवर्ड्स हट्टाने म्हणत राहिले की आग हीच. त्यांनी लिम्फोमाचं (एका जातीच्या कर्करोगाचं) औषध रिटुक्सिमॅब आमवाताला वापरलं, ते बी पेशी जवळजवळ साफ करतं. २००४ मध्ये मोठ्या चाचणीत ते चाललं. मजा अशी की प्रतिपिंडं प्रत्यक्ष बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर या औषधाची खूणच नसते, त्या शाबूत राहतात. तरी रोगी सुधारतो! म्हणजे बी पेशी प्रतिपिंडं करण्याशिवायही काहीतरी उद्योग करते, बहुधा टी पेशीपुढे ते तबक धरण्याचा.

आणि मग टी पेशी परत कोर्टात आली. तिला पेटायला दोन खुणा लागतात: एक तबकातली, दुसरी तिच्या अंगावरच्या सीडी२८ या कडीवरची, खरंच पेट म्हणून सांगणारी. अबाटासेप्ट ही दुसरी खूण झाकतं. टी पेशी मारत नाही, तिचं बोलणं तोडतं. २००५ मध्ये मान्यता मिळाली, चांगलं चालतं. म्हणजे ज्या पेशीला मारून उपयोग झाला नाही तिला गप्प करून झाला.

ओसाकाच्या किशिमोतोंच्या इंटरल्युकिन-६ वरून टोसिलिझुमॅब आलं, तेही चालतं. उलट इंटरल्युकिन-१७ अडवणारी औषधं सोरायसिसच्या सांध्यांना आणि मणक्याच्या आजाराला झकास, आमवातात मात्र फिकी. बाहेरून दोन्ही सांधे सारखेच लाल, आतली टोळी वेगळी.

माझं मत: म्होरक्या कायमचा एक नसतो. सुरुवातीला टी आणि बी, एकदा गोधडी जमली की मॅक्रोफेज आणि फायब्रोब्लास्ट. म्हणूनच एका औषधाने सगळ्यांना गुण येत नाही, टीएनएफवाल्या औषधांनी बऱ्याच जणांना पुरेसा फरक पडत नाही. आणि कुणाला कुठलं लागू पडेल हे आजही बहुतेक वेळा देऊनच कळतं. त्याची आम्हाला लाज वाटते.

---

मनीमोहर२ | मंगळवार, सकाळी ८.१०

कोर्टाची गोष्ट वाचताना पोहे करपले. एक बाळबोध प्रश्न: मग या टी पेशींना आवर घालणारं कुणीच नाही का शरीरात?

---

सातासमुद्रा | मंगळवार, दुपारी २.३०

आहे की! नियामक टी पेशी. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवल्या, त्यांनाच ब्रंको आणि रॅम्सडेल यांच्याबरोबर २०२५ चं नोबेल. साकागुचींच्या प्रयोगशाळेतल्या एका उंदराच्या वाणाला आपोआप आमवातासारखे सांधे येतात, टी पेशींच्या एका जनुकातल्या बिघाडामुळे. टी पेशी निर्दोष नाही याचा मला पटणारा पुरावा तो. पण आमवाताच्या सांध्यात नियामक पेशी असतात, पुष्कळ असतात, तरी दंगा थांबत नाही. दंगलीत हवालदार उभा असतो ना, तसं.

---

निर्गुडी | मंगळवार, रात्री ८.५५

म्हणजे मॅक्रोफेज पूर्ण खलनायक?

---

सातासमुद्रा | मंगळवार, रात्री ११.४८

नाही हो, उलट. २०१९ मध्ये उंदरांच्या सांध्यात दिसलं की अस्तराच्या अगदी वर मॅक्रोफेज एकमेकांना घट्ट धरून भिंत करून बसलेले असतात, सांध्याला बाहेरच्या कटकटीपासून राखायला. सूज आली की ती भिंत फुटते. पुढच्याच वर्षी माणसांतही दिसलं की ज्यांचा आजार शमलाय त्यांच्या अस्तरात एका विशिष्ट जातीचे मॅक्रोफेज जास्त, जे दुरुस्तीचे निरोप सोडतात. ते कमी असलेल्यांनी औषध कमी केलं की दुखणं उलटायची शक्यता अधिक. घरचे जुने मॅक्रोफेज आणि रक्तातून आलेले उपरे यांच्यात फरक आहे. टीएनएफ सोडण्यात उपरे पुढे.

---

गिरणीचा_भोंगा | बुधवार, सकाळी ११.२०

सगळे लंडन-ओसाका करताय, जरा परळला या. निर्गुडीताई मेथोट्रेक्सेट घेतात आणि बहुतेक बाकीच्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिडही. त्या फॉलिक अ‍ॅसिडचा माग लागला तो आमच्या गिरणगावात. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ मध्ये मुंबईत आल्या, हाफकिन संस्थेत काम करायच्या. गिरणीतल्या गरोदर बायांचं रक्त का कमी होतं ते शोधत होत्या. यीस्टचा अर्क, ते मार्माइट, दिल्यावर बायांचं रक्त भरायला लागलं. १९३१ मध्ये त्यांनी छापलं. अर्कात नेमकं काय होतं हे पुढे कळलं: फोलेट.

नंतर आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव, अमेरिकेत लेडर्ली कंपनीत. त्यांच्या गटाने फॉलिक अ‍ॅसिड बनवलं आणि मग त्याच्यासारखं दिसणारं पण त्याचं काम अडवणारं औषध बनवलं. त्या कुळातलं मेथोट्रेक्सेट, आधी रक्ताच्या कर्करोगासाठी. आमवातासाठी अमेरिकेत मान्यता १९८८ मध्ये. माझी आजी मोरारजी मिलमध्ये होती, म्हणून हे लक्षात राहिलं.

आणि कळकळीची सूचना. ही गोळी आठवड्यातून एकदाच. आमच्या चाळीतल्या एका काकांनी डिस्चार्ज कागदावरचं नीट न वाचल्याने सलग आठ दिवस रोज घेतली. तोंड सोललं, पांढऱ्या पेशी धुपल्या, पंधरा दिवस आयसीयूत. वाचले. घरात कुणी घेत असेल तर कॅलेंडरवर वार लाल करून ठेवा.

---

थेंबथेंब | बुधवार, दुपारी १२.०५

+१. आणि आठवड्याच्या या छोट्या डोसात ते पेशी मारायचं काम फारसं करत नाही, सूज शमवणारं अडिनोसिन वाढवतं असं मानतात. म्हणून फॉलिक अ‍ॅसिड सोबत घेतलं तरी गुण जात नाही, तोंड येणं मात्र कमी होतं.

---

डबलचहा | बुधवार, दुपारी ३.३०

मावशींचं हिमोग्लोबिन नऊच्या वर जातच नाही. लोहाच्या गोळ्या वर्षभर. खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे, सगळं झालं.

---

थेंबथेंब | बुधवार, दुपारी ४.१०

फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) बघितलंय का? या आजारात लोह पोटात नसतं असं नाही, कोठारात कुलूपबंद असतं. इंटरल्युकिन-६ यकृताला हेपसिडिन बनवायला लावतं आणि ते आतड्यातून आणि मॅक्रोफेजमधून लोह बाहेर सोडू देत नाही. जंतू लोहावर जगतात, म्हणून लढाईत कोठार बंद करायची ही जुनी युक्ती. इथे जंतूच नाहीत. तेच इंटरल्युकिन-६ यकृताकडून सीआरपी, म्हणजे रिपोर्टात सुजेचा आकडा म्हणून येतं ते प्रथिन, बनवून घेतं. सूज आटोक्यात आली की हिमोग्लोबिन पुष्कळदा आपसूक चढतं. पण खरी लोहाची कमतरताही जोडीला असू शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच.

---

निर्गुडी | शुक्रवार, रात्री १०.३०

धागा वर काढतेय, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि ते माझ्याच रिपोर्टात.

एक्सरे स्वच्छ. रक्ताची टीबी तपासणी पॉझिटिव्ह. मांटूचा फुगवटा १४ मिलिमीटर. मला खोकला नाही, ताप नाही, वजन उलट वाढलंय. डॉक्टरांनी या वेळी खुर्ची ओढून समजावलं. म्हणाले, तुमच्या शरीरात टीबीचे जंतू कधीतरी शिरलेत आणि मॅक्रोफेजनी त्यांना कोंडाळं करून डांबून ठेवलंय. ग्रॅन्युलोमा म्हणतात त्याला. त्या भिंतीचा चुना म्हणजे टीएनएफ. आपण सांध्यासाठी तो अडवला की तिकडे भिंतही पोकळ होते. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या ७० रुग्णांची नोंद अमेरिकेत छापून आली, निम्म्याहून जास्त जणांना फुफ्फुसाबाहेर, आणि बहुतेकांना पहिल्या दोन-तीन डोसांतच. तेव्हापासून ही तपासणी आधी.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुझे आजोबा. तू तीन वर्षांची असशील. मिरजेला सॅनेटोरियममध्ये होते, परत आल्यावर तुला मांडीवरून उतरवायला तयार नसायचे." मला आजोबांचा फक्त खाकी स्वेटर आठवतो.

म्हणजे एकोणचाळीस वर्षं. सहा वर्षं ज्या पेशींच्या नावाने खडे फोडतेय त्या एकोणचाळीस वर्षं आत पहारा देत बसल्यात, आणि मला एक दिवस खोकू दिलं नाही.

आता आयसोनियाझिड सहा महिने, सोबत बी६. इंजेक्शन किमान महिनाभराने. तोवर गोधडी आहेच.

कुणी मेथोट्रेक्सेट आणि आयसोनियाझिड एकत्र घेतलंय का? दोन्ही यकृतावर जातात, म्हणून डॉक्टरांनी एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) दर पंधरा दिवसांनी सांगितलीय. मळमळ किती होते, आणि आयसोनियाझिड उपाशीपोटी घ्यायचं तर सकाळच्या चहाचं काय करता?

---

सातासमुद्रा | शनिवार, पहाटे २.१५

आजोबांचं वाचून थोडा वेळ स्क्रीन बंद करून बसलो. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. पण डॉक्टरांना विचारा.

---

गिरणीचा_भोंगा | शनिवार, सकाळी ७.०५

बायकोने दोन्ही घेतलीत. पहिले दहा दिवस मळमळ, मग सवय झाली. आल्याचा तुकडा जवळ ठेवा. आणि मेथोट्रेक्सेटचा वार लाल केलात का?

---

निर्गुडी | शनिवार, सकाळी ७.२०

केला. रविवार. मामींनी दिलेल्या कॅलेंडरवर.